पोट उघडण्याआधी चार ओळी लिहा
नाशिक, मालेगाव आणि सटाणा येथील सर्जन मंडळींना खुले पत्र

मान्यवर डॉक्टर मंडळी,



पोटाच्या ऑपरेशनांबद्दल तुम्हाला लिहिणारा मी डॉक्टर नाही. माझी नोकरी बाजार समितीत हिशेब लिहिण्यात गेली. आता गावातल्या कुणाला अवेळी दवाखान्यात न्यायचे झाले की गाडीत पुढच्या सीटवर मला बसवतात. मला फॉर्म वाचता येतो आणि डॉक्टरांपुढे माझी बोबडी वळत नाही, एवढेच त्याचे कारण. या फेऱ्यांमध्ये हाड मोडलेले पाहिले, साप चावलेले पाहिले, बाळंतपणे पाहिली. तिथे काय झाले आहे हे सगळ्यांना निदान दिसते तरी. पोटाचे तसे नाही. 'पोट दुखी राह्यनं' म्हणत माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडतो. त्यापुढे आत काय बिघडले आहे ते फक्त तुम्हाला कळते. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. तुम्हाला जे कळते ते तुमच्या डोक्यातच राहते. रुग्णाला ते सांगितले जात नाही, कागदावर उतरत नाही, आणि पुढच्या दवाखान्यापर्यंत पोचत नाही.

तालुक्याच्या गावी सर्जन म्हणून बसणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येणार, रक्ताची पिशवी दुसऱ्या गावाहून आणायची, आणि बाहेर चाळीस नातेवाईक. त्यातला एखादा प्यालेला. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्याने २०१० मध्ये कायदा केला, तरी काचा फुटायच्या थांबल्या नाहीत. म्हणून हे पत्र आरोपपत्र समजू नका. कुणाचे, कुठल्या दवाखान्याचे नाव यात नाही आणि मी ते तोंडीही सांगणार नाही.

आधी रस्त्याचे बोलू. साल्हेर-मुल्हेरकडच्या पाड्यावर संध्याकाळी कुणाचे पोट दुखू लागले, तर पहिली रात्र ओवा, हिंग आणि गरम पाण्याची पिशवी यांत जाते. कुणीतरी बेंबी सरकली म्हणते, मग पोट चोळणारी बाई येते. सुजलेल्या पोटावर चोळणे किती महागात पडते हे तुम्ही रोज पाहता. सकाळी गावातले डॉक्टर सुई देतात, सलाईन लावतात. दुपारी जरा बरे वाटते, रात्री पुन्हा कळ. मग सटाणा. सटाण्याहून मालेगाव, नाहीतर देवळा, भावडबारी घाट, सोग्रस फाटा करत नाशिक. सटाणा ते नाशिक नव्वद किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि आमच्या पश्चिम पट्ट्यातून धरले तर शंभराच्या बरेच पुढे.

या शंभर किलोमीटरना अर्थ आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१५ मध्ये भारतातल्या तीव्र पोटदुखीच्या मृत्यूंचा एक अभ्यास आला. २०१० या एका वर्षात, सत्तरीच्या आतली सुमारे ७२,००० माणसे अशा आजारांनी गेली, असा त्यातला अंदाज आहे. त्यांतली ८७ टक्के खेड्यांतली. ७१ टक्के घरीच गेली, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचलीच नाहीत. रात्रंदिवस शस्त्रक्रिया, भूल आणि रक्त यांची सोय असलेले जिल्हा रुग्णालय ५० किलोमीटरहून लांब असेल, तर तो भाग जास्त मृत्यूंच्या गटात असण्याची शक्यता चौपटीहून अधिक. १०० किलोमीटरपलीकडे ती सोळापट. अशी रुग्णालये सगळ्यांच्या आवाक्यात असती तर यांतले सुमारे पन्नास हजार वाचले असते, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. हे वाचताना मला आमचाच नकाशा दिसत होता.

या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा आहे अल्सरचा. त्यामागचे कारण आमच्या बांधावर आहे. कांदा काढणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम केलेला माणूस रात्री अंगदुखीची गोळी घेतो, तीही रिकाम्या पोटी, वर तंबाखू. जठरातल्या जंतूचा भाग वेगळाच. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चे नोबेल मिळाले. एके दिवशी अल्सर फुटतो, पोट फळीसारखे कडक होते. तुमच्याच व्यवसायातल्या एका भल्या माणसाने मला समजावले होते की अशा वेळी उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा दिसते. सगळ्यांत नाही, पण बहुतेकांत. सटाण्यात एक्स-रे निघतो. मग चार-चार तास सलाईनवर ठेवून, फोटो न काढता, 'नाशिकला न्या' असे का सांगितले जाते? तो फोटो आधी काढला असता तर नाशिकच्या सर्जनना निघण्याआधीच फोन गेला असता, आणि आम्ही घाटात असताना तिकडे थिएटर तयार झाले असते.

आता त्या चिठ्ठीविषयी. कितीतरी वेळा माझ्या हातात पडलेल्या कागदावर 'पेन इन अॅबडोमेन, रेफर टू हायर सेंटर' एवढेच असते. खाली सही आणि शिक्का. नाशिकला पोचल्यावर रात्रपाळीचे तरुण डॉक्टर विचारतात: दुखणे कधी सुरू झाले, आधी कुठे दुखत होते, ताप आधी की उलटी आधी, कोणते इंजेक्शन दिले? रुग्ण अर्धवट गुंगीत, बायको घाबरलेली, आणि मी सांगतो ते ऐकीव. पुन्हा पहिल्यापासून सगळे सुरू. झॅकरी कोप नावाच्या इंग्रज सर्जनचे तीव्र पोटदुखीच्या निदानावरचे पुस्तक तुम्ही सगळे वाचता म्हणे. ते १९२१ चे आहे. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. रुग्णाला नीट विचारणे आणि त्याच्या पोटावर हात ठेवणे एवढ्यावर निदान करायला ते शिकवते. दुखणे बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकले, ही एक ओळ अपेंडिक्सच्या बाबतीत किती मोलाची आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. ती ओळ सटाण्यात सांगितली जाते आणि सोग्रस फाट्याच्या अलीकडे हरवते.

दुखणे थांबवायची सुई देऊ नका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या सुईने निदान झाकले जाते ही जुनी समजूत आता मागे पडली आहे, आणि वेदनेत ठेवून कुणाचे भले होत नाही. सुई जरूर द्या. फक्त ती देण्याआधी पोटाला हात लावा, आणि काय आढळले, किती वाजता आढळले, सुई कोणती दिली, रक्तदाब किती, लघवी शेवटची कधी झाली, हे लिहा. चार ओळी. इंग्रजीत लिहिल्या तरी चालतील, त्या तुमच्याच बांधवाला वाचायच्या आहेत.

आम्हाला वाचायच्या ओळी मात्र वेगळ्या आणि मराठीत हव्यात. 'सोनोग्राफीत काही नाही' या वाक्याने आमच्या तालुक्यात किती माणसे घरी परत गेली असतील! गर्भलिंग तपासणीविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे मशीन नोंदणी केलेल्या जागीच चालते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे रात्री सोनोग्राफी मिळत नाही, सुट्टीच्या दिवशी मिळत नाही, आणि मिळते तेव्हा लोक तिच्याकडे देवाच्या कौलासारखे पाहतात. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसले नाही म्हणजे त्याला सूज नाही असे होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, रुग्णाला नाही. तो रिपोर्ट पिशवीत घालून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पोट भरून पू घेऊन येतो. घरी पाठवताना एवढे लिहून द्या: दुखणे वाढले, एका जागी स्थिरावले, ताप चढला, पोट फुगले, वारा सरकेनासा झाला, तर उद्याची वाट न पाहता परत या. वायगोळा समजून घरी बसलेल्या माणसाला उठवायला एवढे पुरते.

उलट बाजूही सांगितलीच पाहिजे. काही ठिकाणी इतक्या झटपट 'अपेंडिक्स आहे, आजच काढावे लागेल' होते की आम्ही बाकावर टेकलेलोही नसतो. अपेंडिक्स फुटले तर माणूस दगावतो, ही भीती प्रत्येकाच्या मनात आधीच असते. तिला आणखी खतपाणी घालायची गरज नसते. अल्वाराडो नावाच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये दहा गुणांची एक साधी मोजणी दिली: लक्षणे, पोटाची तपासणी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. ती अचूक नाही, पण निदान कशाच्या आधारावर केले हे त्यातून आम्हाला सांगता तरी येते. सांगा ना, दहापैकी किती झाले? शिवाय गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सवर आधी प्रतिजैविके देऊन पाहण्याचे मोठे प्रयोग झाले आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात दीड हजारांहून अधिक रुग्ण होते. औषधांवर ठेवलेल्यांपैकी दहांत सुमारे तिघांचे ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत करावेच लागले. म्हणजे उरलेल्या सातांचे तेवढ्या काळात टळले. आता साल्हेरच्या पाड्यावरच्या माणसाला या तिघांत पडणे परवडणारे नाही; रात्री पुन्हा दुखले तर त्याच्याकडे गाडी नाही. तुम्ही हा विचार करून ऑपरेशनच सुचवले तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. सटाण्यात दवाखान्यामागेच राहणाऱ्या मास्तरांसाठी हाच हिशेब वेगळा असू शकतो. दोघांनाही तो मोठ्याने करून दाखवा.

संमतीपत्राबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते वाचण्याचे काम माझ्याकडे असते. इंग्रजी छापील कागद, रिकाम्या जागा, आणि 'इथे, इथे आणि इथे सही करा'. रिकाम्या जागा सही झाल्यावर भरल्या जातात. बाईचे ऑपरेशन असेल तर सही नवऱ्याची. ती शुद्धीत असते, सज्ञान असते, पोट तिचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. त्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. जिवावरचे संकट नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायचे आणि तिला विचारायचे. इतकी वर्षे झाली. आमच्याकडचे फॉर्म मात्र अजून 'आवश्यक वाटल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया' या एका ओळीवर चालले आहेत.

बायकांचे पोट हा तर स्वतंत्र विषय. ओटीपोटात दुखते, अंगावरून जाते, कंबर भरून येते, एवढे सांगितले की बोलणे 'पिशवी'वर येते. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो, मुले झाली आहेत, मग कशाला ठेवायची? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे प्रकरण २०१९ मध्ये उघड झाले. राज्याने नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. बीड लांब आहे म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. आमच्या पश्चिम पट्ट्यातली कुटुंबेही ऊसतोडीला गुजरातेत जातात. लासलगावला अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी डॉक्टरांनाच बोलते करून 'कैफियत' हे पुस्तक लिहिले, म्हणजे ही दुखरी जागा दाखवणारे तुमच्यातलेच आहेत. पस्तिशीच्या बाईची पिशवी आणि बीजांडकोश काढल्यावर तिच्या हाडांचे काय होते, तिला अकाली पाळी गेल्याचा त्रास किती वर्षे सोसावा लागतो, हे आधी तिला सांगा. नवऱ्याला नंतर.

ऑपरेशन संपल्यावर एक विधी असतो. नातेवाइकांना आत बोलावून स्टीलच्या ताटलीतला तुकडा दाखवतात: 'बघा, किती खराब झाले होते.' पित्ताशयातले खडे तर डबीत घालून हातात देतात. ते घरी कपाटात राहतात, पाहुण्यांना दाखवले जातात. आम्हाला त्यातले काय कळणार? लाल दिसते, मान हलवतो. तो तुकडा आम्हाला दाखवण्यापेक्षा पॅथॉलॉजीला पाठवा. पित्ताशयातला लपलेला कर्करोग, अपेंडिक्सच्या टोकाची गाठ, आतड्याचा क्षयरोग यांचा पुरावा पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतो. आणि क्षयरोग आपल्याकडे पोटातही घर करतो हे काही नवे नाही. आतडे अडकले म्हणून कापले, टाके घातले, पण क्षयाचे औषध सुरूच झाले नाही, तर त्या ऑपरेशनचा उपयोग काय? 'नातेवाइकांना तपासणीचा खर्च नको असतो' असे मला एकदा ऐकवले गेले. खर्च नको असतो हे खरे. पण तुम्ही बिलात न विचारता इतके काही लावता, तर हेही लावा. मी स्वतः गावकऱ्यांना समजावीन.

आणि कागद द्या. ऑपरेशनमध्ये काय दिसले, काय काढले, काय ठेवले, याची नोंद असलेला कागद. डिस्चार्ज कार्डावर 'लॅपरोटॉमी डन' लिहून दोन गोळ्यांची नावे टाकली की दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला आत काय आहे ते पुन्हा उघडूनच पाहावे लागते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. आम्ही मागितल्या की काउंटरवर आमच्याकडे वकिलाची नोटीस आणल्यासारखे पाहतात.

पैशांबद्दल थोडक्यात. राज्याच्या जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. कृपया ते गणपतीच्या फोटोमागे लावू नका. महात्मा फुले योजनेत आपला आजार बसतो का, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळावे, टाके काढताना नव्हे. आणि कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारे कमिशन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये त्यांना आलेला १२०० रुपयांचा चेक जगापुढे ठेवला. २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. कायदा येईल तेव्हा येईल. रुग्ण कुणाकडे पाठवायचा हे अंतर पाहून ठरते की पाकीट पाहून, याचे उत्तर तुमच्यातल्या प्रत्येकाला आजही माहीत आहे.

एवढे मागण्याचे धाडस मी करतो, कारण तुमच्याच व्यवसायाने साध्या साधनांतून किती मोठे काम होते ते दाखवले आहे. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७० च्या दशकात दुर्बीण हाती घेतली ती प्रथम निदानासाठी: कापण्याआधी आत डोकावून पाहायला. लॅपरोस्कोपने पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया त्यांनी १९९० मध्ये केली, आणि तीही जे. जे. सारख्या सरकारी रुग्णालयात. त्याहून जवळचे उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि सहकाऱ्यांबरोबर त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त मांडले. २०१६ मध्ये अशाच जाळीचा युगांडातला अभ्यास जगातल्या नामवंत नियतकालिकात आला: वर्षभरानंतर स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांत फरक आढळला नाही. टोणगावकरांचे काम खानदेशातल्या एका गावात बसून झाले. त्यापुढे मी मागतो आहे तो कागद आणि पेन.

आमच्याकडूनही काही गोष्टी व्हायला हव्यात. दारू किती, गोळ्या किती, आधी कुणाकडे जाऊन आलो, हे लपवायचे नाही. चाळीस माणसांनी जायचे नाही, दोघांनी जायचे. पोट चोळून घ्यायचे नाही. हे मी पारावर बोलतो आहे आणि बोलत राहीन.

शेवटी एक ठोस विनंती. मार्गशीर्षात सटाण्याला देवमामलेदारांची यात्रा भरते. तालुक्यातला जवळजवळ प्रत्येक डॉक्टर आणि आशाताई त्या दिवसांत एकदा तरी गावात येतात. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी अर्धा दिवस काढावा. मोफत तपासणी शिबिर नको. त्यातून पुढे कुणाचे तरी ऑपरेशन ठरते एवढेच होते. गावोगावच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना समोर बसवा, पोटदुखीच्या रुग्णाला कोणते प्रश्न विचारायचे, हात कुठे ठेवायचा, कधी थांबायचे नाही आणि चिठ्ठीवर काय लिहायचे हे सांगा. चिठ्ठीचा नमुना तुम्ही ठरवा, एका बाजूला डॉक्टरांसाठी, दुसऱ्या बाजूला मराठीत घरच्यांसाठी. सटाण्यातल्या छापखान्यात तो छापून घेण्याचा खर्च आम्ही गावकरी करू, आणि प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात गठ्ठे पोचवायचे काम माझ्याकडे. हॉल, माइक आणि जेवण यांची काळजी करू नका. तारीख तेवढी कळवा.



आपला विश्वासू,
बागलाण तालुक्यातील एक रहिवासी
सटाणा, जि. नाशिक